सकाळी उतरेल

जावळीच्या खोऱ्यात रात्री एखादा माणूस पिऊन ओट्यावर कोसळला, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पडू दे तसाच. सकाळी उतरेल." बहुतेक वेळा उतरतेही, म्हणून ते वाक्य पिढ्यान् पिढ्या टिकलं. ज्या रात्री ती उतरत नाही, त्या रात्रीनंतर मात्र गावात हे वाक्य कोणी आठवत नाही. "जास्त झाली होती," एवढंच बोललं जातं आणि तिरडी बांधायला घेतात.

सातारा-सांगलीच्या मुलखात दारूविरुद्ध झालेल्या लढ्यांचा इतिहास मोठा आहे, अभिमानाचाही आहे. पण तो दुकानांचा, परवान्यांचा, मोर्च्यांचा आणि मतदानाचा इतिहास आहे. ओट्यावर पडलेल्या त्या माणसाच्या शरीरात रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात काय घडत होतं, ते त्यात सहसा येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत. एकीशिवाय दुसरी अपुरी राहते असं मला वाटतं.

सुरुवात इंग्रजी अमलातल्या महसुलापासून करावी लागते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या सरकारी नियंत्रणात आणल्या. दारू कोणी गाळायची, कुठे गाळायची, कोणाला विकायची हे सरकार ठरवू लागलं आणि त्याचा पैसा तिजोरीत जाऊ लागला. दुकान हे सरकारचं उत्पन्न झालं, त्यामुळे दुकान वाढणं हा सरकारचा फायदा ठरला. खटाव तालुक्यातलं कटगुण हे ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दारूने गरिबाचा संसार कसा मोडतो, हे नगरपालिकेच्या कागदावर आणण्याचं काम त्यांनी केलं.

पुढे साठ वर्षांनी सातारा जिल्ह्यात सरकारच दुसरं उभं राहिलं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची गांधी-लग्नं लावली आणि दारूबंदीही राबवली. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली दोन्ही. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली झाला. प्रतिसरकारचं नाव घेतलं की लोकांना पत्री मारल्याच्या गोष्टी आठवतात. परक्या सरकारच्या तिजोरीचा एक झरा या लोकांनी दारूच्या बाजूनेही आटवायला घेतला होता, ही गोष्ट मात्र मागे पडते.

स्वातंत्र्यानंतर तीच मागणी राज्याचा कायदा झाली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या गुजरातच्या मोठ्या भागासह, दारू बंद झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई या बंदीचा कणा. कायद्याला आव्हान दिलं गेलं. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी बहुतांशी मान्य केली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द ठरवली. निकाल योग्यच होता. पण बाटलीवर औषधाचं नाव आणि आत दारू, अशी एक फट त्या काळात सगळ्यांना ठाऊक झाली.

फटी आणखीही होत्या. जावळी, पाटण, वाई या डोंगरी तालुक्यांतली तरणी माणसं तेव्हा मुंबईला होती. गिरणीत, गोदीत, पुढे माथाडी म्हणून मसाला बाजारात आणि कांदा-बटाट्याच्या वखारींत. एका गावाची माणसं एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बारा तास पाठीवर ओझं वाहिल्यावर अंग मोकळं करायला जे मिळे ते परवान्याचं नसे. आंटीच्या अड्ड्यावरची हातभट्टी, कोणी तिला खोपडी म्हणत, आणि तीही न परवडणाऱ्यांना सुताराकडचं फ्रेंच पॉलिश किंवा जाळायचं स्पिरिट. गावाकडे गूळ, नवसागर आणि बाभळीची साल घालून ओढ्याकाठी रसायन आंबत ठेवलेलं असे. पोलिसांच्या पंचनाम्यात आजही 'कच्चे रसायन' हाच शब्द येतो.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी, कारण तिने माणसं मारली आहेत. हातभट्टीची दारू 'विषारी' होते ती नवसागरामुळे, असं गावात सांगतात. नवसागर वाईट आहेच. पण एका रात्रीत शंभर माणसं मारण्याचं काम त्याने केलेलं नाही. ते काम मिथेनॉलचं आहे. गूळ आंबवून गाळलेल्या दारूत मिथेनॉल अगदी थोडं असतं. ते बाहेरून येतं. रंग, रेझिन आणि रसायनांच्या कारखान्यांत लागणारा हा द्रव स्वस्त असतो आणि दिसायला, वासाला दारूसारखाच असतो. भट्टी लावायची, धूर लपवायचा, पोलिसांना टाळायचं, या सगळ्यापेक्षा पिंपातलं मिथेनॉल पाण्यात मिसळून विकणं सोपं पडतं. 'पहिल्या धारेची' म्हणून जे दिलं जातं, त्याला कधीकधी धारच नसते.

मिथेनॉलचा घात समजायला साध्या दारूपासून, इथेनॉलपासून, सुरुवात करू. यकृतातलं एक विकर तिचं विघटन करतं आणि शेवटी ती पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन शरीराबाहेर जाते. ही गती जवळजवळ ठरलेली असते. सरासरी माणसात तासाला सात-आठ ग्रॅम. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे एका क्वार्टरचा हिशेब फिटायला यकृताला आठ तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाण्याची बादली, कशानेही ही गती वाढत नाही. आणि माणूस प्यायचं थांबला तरी पोटातली दारू तासभर रक्तात चढतच राहते. म्हणून ओट्यावर आणून टाकलेला माणूस त्या क्षणी दिसतो त्यापेक्षा पुढच्या तासात जास्त वाईट होऊ शकतो.

१०० मिलिलिटर रक्तात ३०० मिलिग्रॅम अल्कोहोल झालं की माणूस हाक मारून उठत नाही. ४०० च्या पुढे श्वास चालवणारा मेंदूचा भागच मंदावतो. त्या आधीही तीन गोष्टी त्याला नेऊ शकतात. पहिली उलटी. घशात काही आलं की ठसका लागतो, हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की तो ठसकाच नाहीसा होऊ शकतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाठीवर झोपलेल्या माणसाला उलटी होते, ती श्वासनळीत जाते आणि घरातल्यांना फक्त घोरणं ऐकू येतं. दुसरी गोष्ट साखर. उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाचं यकृत दारू निपटण्यात इतकं गुंततं की रक्तात नवी साखर सोडू शकत नाही. मूल किंवा कुपोषित माणूस असेल तर साखर घातक पातळीला उतरते. तिसरी थंडी. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब वाटते आणि अंगातली उष्णता बाहेर जात राहते. डिसेंबरात केळघर घाटाखाली उघड्यावर रात्र काढलेला माणूस पहाटे 'थंडीनं गेला' असं म्हणतात. बऱ्याचदा त्याला थंडी आणि दारू दोघींनी मिळून नेलेलं असतं.

दवाखान्यात यावर जे करतात ते चमत्कारिक नाही. उतारा म्हणून कसलं इंजेक्शन नसतं. श्वासाची वाट मोकळी ठेवायची, ऑक्सिजन द्यायचा, साखर तपासून ग्लुकोज द्यायचं, जुन्या पिणाऱ्याला त्याच्याबरोबर थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यायचं, अंग गरम ठेवायचं, डोक्याला मार लागलाय का बघायचं आणि यकृताला वेळ मिळेपर्यंत माणसाला जिवंत ठेवायचं. श्वास फारच मंदावला तर कृत्रिम श्वासयंत्र. डोक्याच्या माराची गोष्ट वारंवार सांगायला हवी. पायरीवरून पडून मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून रात्रभर 'पिऊन पडलेला' समजला जातो.

घरी करण्यासारखं इतकंच. कुशीवर वळवून, वरचा गुडघा पुढे दुमडून, तोंड जरा खाली झुकवून ठेवायचं. एकटं सोडायचं नाही. बोटं घालून उलटी करवायची नाही आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडू लागलं, ओठ निळे पडले, झटके आले, चिमटा काढूनही माणूस हलेना, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

मिथेनॉल मात्र वेगळ्या वाटेने येतं. ते स्वतः फार विषारी नसतं. त्याला विष बनवतं आपलंच यकृत. दारू निपटणारं तेच विकर मिथेनॉलला आधी फॉर्माल्डिहाइड करतं आणि मग दुसरं विकर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. ज्या पेशींना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो त्या आधी पडतात आणि त्यांत डोळ्याची नस असते. हे सगळं व्हायला बारा ते चोवीस तास लागतात, सोबत साधी दारू प्यायलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे माणूस रात्री पितो, झोपतो आणि सकाळी कामालाही जातो. घरच्यांचं वाक्य खरं ठरतं. उतरलेली असते. मग दुपारी पोट दुखतं, डोकं ठणकतं, श्वास खोल आणि भराभर चालू लागतो, आणि समोर धुकं किंवा पांढरा पडदा दिसायला लागतो.

हे ज्ञान जगाला महागात पडलं. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकारनेच त्यात मिथेनॉल जास्त घालण्याचा नियम केला. लोक प्यायलेच आणि मेले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी १९२६-२७ च्या सुमारास हे मृत्यू उघडपणे सरकारच्या पदरात घातले. नॉर्वेच्या ओलुफ रो यांनी १९४० च्या दशकात रुग्णांवरून दाखवलं की रक्तातलं आम्ल सोड्याने, म्हणजे बायकार्बोनेटने, मारता येतं आणि इथेनॉल दिलं तर मिथेनॉलची वाट अडते. यकृताच्या त्या एकाच दारातून दोघांना जायचं असतं आणि दाराची ओढ इथेनॉलकडे कितीतरी पटींनी जास्त असते. साधी दारू दारात उभी राहिली की मिथेनॉल बाहेर ताटकळतं आणि मूत्रपिंडातून, श्वासातून किंवा डायलिसिसने निघून जातं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात भेसळीच्या व्हिस्कीने एकाच लाटेत ३२३ जण रुग्णालयात आले आणि ४१ दगावले. त्या रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींवर पुढच्या पिढ्यांचे डॉक्टर शिकले.

म्हणजे मुंबईतल्या विक्रोळीत विषारी दारूने माणसं मरायच्या कितीतरी आधी उपाय माहीत होता.

१९९१ च्या डिसेंबरअखेर विक्रोळीत विषारी दारूने नव्वदहून अधिक माणसं गेली. २००४ च्या डिसेंबरात पुन्हा विक्रोळीत ऐंशीहून अधिक. मग मालवणी. १७ जून २०१५, बुधवार. मालाडच्या मालवणीतल्या लक्ष्मीनगर वस्तीत संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसांनी नेहमीच्या ठिकाणी नेहमीची घेतली. १८ तारखेला उलट्या, पोटदुखी आणि दृष्टी जाणं सुरू झालं. पुढच्या चार-पाच दिवसांत मृतांचा आकडा शंभरापलीकडे गेला, १०६ वर थांबला. वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे परत आले नाहीत. ज्यांना लवकर आणलं आणि डायलिसिस मिळालं ते वाचले. जे घरीच पडून राहिले, ज्यांना आधी पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्या रक्तातलं आम्ल तोवर हाताबाहेर गेलं होतं. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली आणि इतर दहा आरोपींना सोडलं.

मालवणीच्या मृतांच्या बातम्या वाचताना माझं मन दरवेळी एका गोष्टीवर अडतं. त्या वस्तीत पहिला माणूस आजारी पडला आणि शंभरावा आजारी पडला यांच्यामध्ये बराच वेळ होता. एकाच गुत्त्यावर प्यायलेल्या प्रत्येकाला, बरा दिसत असला तरी, पहिल्याच दिवशी घराघरांतून शोधून रुग्णालयात नेलं असतं तर? मिथेनॉलच्या लाटेत शिकलेला डॉक्टर हेच करायला सांगतो. पहिला रुग्ण सापडला की पिणारे शोधा, लक्षणांची वाट पाहू नका. फोमेपिझोल नावाचं औषध मिथेनॉलची वाट इथेनॉलपेक्षा सुरक्षितपणे अडवतं आणि २०१३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ते महाग आहे आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत सहजी हाती लागत नाही. म्हणून इथे नाकातून घातलेल्या नळीने किंवा शिरेतून मोजून इथेनॉल देतात आणि डायलिसिसवर भिस्त ठेवतात. दारूने पडलेल्या माणसाला डॉक्टर दारू देतोय, हे पाहून नातेवाइकांनी घाबरू नये. मोजमापाने आणि रक्त तपासत दिलेली ती मात्रा घरी कोणी देऊ मात्र नये.

आता पुन्हा जावळीत, वेण्णाकाठच्या मेढ्यात.

साठच्या दशकापासून राज्यातली बंदी सैलावत गेली, परवाने वाटले गेले आणि दुकानं तालुक्याच्या गावी येऊन बसली. साताऱ्यात १९९१ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली. मिरजेतून डॉक्टर होऊन साताऱ्यात दवाखाना चालवलेल्या या माणसाने व्यसनाकडे पापापेक्षा आजार म्हणून पाहायला जिल्ह्याला शिकवलं. दुसरीकडे बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने वारकऱ्यांच्या फडातून हाच विषय खेड्यांत नेला. जावळीत त्या संघाचे विलासबाबा जवळ पुढे आले आणि त्यांच्यामागे बाया.

२००८ च्या सरकारी आदेशाने बायांच्या हाती एक हत्यार दिलं होतं. गावातल्या पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी. म्हणजे जी बाई घरी राहिली, मुंबईला लेकाकडे होती किंवा मेलेली असूनही यादीत होती, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. इतकी चढण असूनही जावळीच्या बायांनी बाटली आडवी केली. मेढ्यासह तालुक्यातली परवान्याची दुकानं बंद झाली आणि जावळी दारूदुकानमुक्त तालुका म्हणून राज्यात ओळखला गेला. सासू आणि सून एका रांगेत उभ्या राहून एकाच चित्रावर शिक्का मारतात, ही गोष्ट त्या डोंगरांत लहान नाही.

दुकान गेलं तरी पिणारा तिथेच होता. काही सुटले. काहींनी सातारचा रस्ता धरला, काहींना चोरून आणलेली चपटी मिळू लागली, पिशवीतून, दुचाकीवरून. दुकानातल्या बाटलीवर निदान शिक्का तरी असतो. चोरट्या मालात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी आडव्या बाटलीच्या बाजूचा आहे आणि राहीन. म्हणूनच मला वाटतं की ज्या गावाने बाटली आडवी केली, त्या गावाने पिऊन पडलेल्या माणसाला कुशीवर आडवं कसं करायचं हेही शिकून घ्यावं. बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत, आशाताईंकडून. अर्ध्या तासाचं काम आहे.

मेढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढचं काही लागलं, डायलिसिस किंवा श्वासयंत्र, तर सातारा गाठायचं. कण्हेर धरणाच्या पाण्याकडेने जाणारा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. साताऱ्यातल्या जिल्हा रुग्णालयाला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचं.

तिथे रात्री असा माणूस आला की डॉक्टर श्वास आणि साखर बघता बघता सोबतच्यांना विचारतात: काय प्यायला, कुठली, किती वाजता, अजून कोण कोण होतं? आणि सोबतचे एकमेकांकडे बघतात. केस होईल, पोलीस येतील, ज्याच्याकडून घेतली तो गावातलाच आहे, भावकीतला आहे. कोणी म्हणतं, "थोडीशीच घेतली होती." कोणी म्हणतं, "काल घेतली होती, आज नाही." डॉक्टरांना 'काल' हा शब्द ऐकू आला की ते बॅटरी घेऊन रुग्णाच्या बुबुळांकडे वळतात, आणि मागे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारतात: काल बरोबर अजून कोण कोण होतं?